सोनकांबळे सरांचं सपाट टेबल

ज्या समाजाला एक साधा पृष्ठभाग सपाट करता येत नाही, त्यानं न्यायाच्या गोष्टी बोलू नयेत. हे वाक्य सोनकांबळे सरांचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ते घरी येऊन वहीत उतरवून ठेवलं होतं. निमित्त मात्र लहान होतं. मुरुम गावच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही भज्यांची वाट बघत होतो आणि आमच्या टेबलाचा एक पाय आखूड होता.

वाक्य बोलून झाल्यावर सरांनी शर्टाच्या खिशातून वीतभर लांबीची पितळी पाणसळ काढली. पाणसळ म्हणजे गवंडी आणि सुतार वापरतात ती बुडबुड्याची नळी. ती टेबलावर ठेवून त्यांनी चष्मा कपाळावर सारला, वाकून बुडबुडा बघितला आणि म्हणाले, "दीड सूत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मग सिगारेटचं रिकामं पाकीट मागवून त्याची घडी पायाखाली सरकवली.

गल्ल्यावरून हॉटेलवाले महालिंगप्पा म्हणाले, "सर, त्ये टेबल बारा वर्सं तसंच हाय. गिऱ्हाईक कललं न्हाय अजून."

"गिऱ्हाईकाला सवय झाली असंल," सर म्हणाले.

ते आयटीआयमध्ये सुतारकामाचे निदेशक होते. मी कॉलेजात मराठी शिकवत होतो. आमच्याकडे दोन मास्तर भेटले की दोघंही सर असतात, त्यामुळे वीस वर्षांच्या ओळखीत आम्ही एकमेकांना नावानं कधी हाक मारली नाही. सर बुटके, काळे, हाताची बोटं पाचरीसारखी जाड. बोलणं कमी, पण प्रत्येक वाक्याला रंधा मारलेला. "डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, सर. डोळा लाचार असतो. मोठ्या माणसाच्या टेबलाकडं बघताना त्याला ढाळ दिसत नाही." ढाळ म्हणजे उतार. हा शब्द त्यांच्या तोंडी दिवसातून दहा वेळा यायचा. आमच्या कॉलेजच्या एका सत्कारात पाहुण्यांचं भाषण ऐन भरात असताना सर पहिल्या रांगेतून उठले, स्टेजवर गेले, गुडघ्यावर बसले आणि पाहुण्यांसमोरच्या टेबलाखाली काडेपेटीचा तुकडा ठोकून परत जागेवर येऊन बसले. पाहुण्यांना वाटलं, कुणी पाया पडायला आलंय. त्यांनी आशीर्वादाचा हातही वर केला होता.

अशा माणसानं बिलियर्डचं टेबल घरी करायला घ्यावं, यात नवल नव्हतं. नवल त्याच्या कारणात होतं.

त्यांचे वडील मारुती सोनकांबळे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, एका तालुक्याच्या ठिकाणी अधिकाऱ्यांच्या क्लबात मार्कर होते. गावाचं नाव लिहीत नाही. क्लबातली काही मंडळी अजून हयात आहेत आणि आपण वाचतो असं सांगतात. मार्कर म्हणजे टेबलाशेजारी उभा राहणारा माणूस. त्यानं काठीच्या टोकाला खडू घासून ती साहेबांच्या हातात द्यायची, चेंडू जागेवर मांडायचे, हिरव्या कापडाला ब्रश मारायचा, इस्त्री फिरवायची आणि खेळ चालू असेपर्यंत गुण मोठ्यानं म्हणायचे. अण्णांचा आवाज खणखणीत. "साहब सत्ताईस, डाक्टरसाब उन्नीस!" आवाराबाहेरच्या पानवाल्यालासुद्धा क्लबात कोण हरतंय ते कळायचं. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे गुण मोजले. स्वतःचा एक टोला मारला नाही. मार्करनं खेळायचं नसतं. आणि तो मार्कर आमच्या भागात कुठल्या वस्तीतून यायचा, हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे तसा नियम कुठं लिहावा लागला नव्हता.

सरांनी मला हे दहादा सांगितलं. दर वेळी शेवट एकच असायचा. "तीस वर्षं, सर. एक टोला नाही."

अण्णा निवृत्त झाले आणि पुढं क्लबातला खेळही थांबला. टेबल कोपऱ्यात गेलं, त्यावर जुन्या निविदांचे गठ्ठे आले, पावसाळ्यात वरून गळायला लागलं. सर एकदा सचिवसाहेबांकडे गेले. सचिव म्हणजे निवृत्त कार्यकारी अभियंता, आवाज मऊ आणि नजर माणसाच्या खांद्यावरून पलीकडे. सर म्हणाले, कुजतंय ते, मला द्या, रीतसर अर्ज करतो. सचिवसाहेब हसले. "तुम्ही काय करणार हो त्याचं? आणि मारुती कसा आहे? त्याला म्हणावं, ये एकदा, कापडाला इस्त्री करून जा."

सर बसनं परत आले, चहा न घेता माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मी टेबल करणार. पूर्ण मापाचं. बारा बाय सहा. अण्णा त्यावर खेळतील आणि हा माणूस उभा राहून बघंल."

या कामाला त्यांनी पाच वर्षं घातली.

बिलियर्डच्या टेबलाचा जीव लाकडात नसतो, दगडात असतो. हिरव्या कापडाखाली पाटीच्या दगडाच्या लाद्या असतात. आमच्याकडे तो दगड कुठला? पण सीमेपलीकडून शहाबादी फरशी येते. तिच्यावर आमचा निम्मा जिल्हा जेवतो, झोपतो आणि भांडी घासतो. सरांनी खाणीवर जाऊन दोन बोटं जाडीच्या लाद्या बोटाच्या पेरांनी वाजवत निवडल्या. टेम्पो दारात आला तेव्हा त्यांच्या पत्नी शोभावहिनी उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. वहिनींचं माहेर सास्तूर. भूकंपात माहेरचं घर दगडामातीच्या भिंतींसकट आतल्या माणसांवर बसलं होतं.

"घरात दगड न्हाय आणायचा," वहिनी म्हणाल्या.

"अगं, हा खाली राहणार. कमरेइतका. डोक्यावर नाही."

"आमचाबी भिंतीतच होता की."

लाद्या आत गेल्या, वहिनींची कॉट मागच्या खोलीत गेली. पुढच्या पाच वर्षांत वहिनी लाद्यांच्या खोलीतून गेल्या तेव्हा भिंतीला धरून गेल्या. जेवायला मात्र बोलावायच्या, आणि वाढताना एक ठरलेलं वाक्य असायचं. "बसा खाली मांडी घालून. आमच्यात जेवायला टेबल न्हाय. खेळायला हाय."

लाद्या सपाट करण्याची रीत सरांची स्वतःची नव्हती, जुनी होती. पण तेवढा धीर दुसऱ्या कुणाला नसता. दोन लाद्या घेऊन त्यांच्यामध्ये वाळू-पाणी घालून घासायच्या. मग त्यातली एक तिसरीवर. मग जोड्या बदलायच्या. दोनच घासल्या तर एक खोलगट होते आणि दुसरी फुगते आणि दोघींना वाटतं आपलं जमलं. "तिसरी लागते, सर. दोघांत कुणाचंच खोटं उघडं पडत नाही." हे ऐकताना मी मान डोलावली आणि त्यांनी मला लादीच्या दुसऱ्या बाजूला बसवलं. त्या सुट्टीत मी मराठी साहित्यासाठी काही केलं नाही.

सांगाडा जुन्या जिनिंगच्या सागवानी तुळयांचा झाला. कडेच्या रबरानं वर्षभर छळलं. ट्रॅक्टरची ट्यूब झाली, चपलेचा सोल झाला, कारखान्याचा पट्टा झाला. चेंडू एकतर आपटून मरे नाहीतर उडून वहिनींच्या पिठात पडे. शेवटी रबर हैदराबादहून आलं. कापड, चेंडू आणि काठ्याही तिथूनच आल्या.

खोलीचं काम शिद्राम गवंड्याकडे होतं. काठी मागं ओढायला जागा हवी म्हणून सरांनी पुढच्या दोन खोल्यांची एक खोली केली. गल्लीच्या बाजूला भिंतच ठेवली नाही, रुंद शटर बसवलं. "गल्लीनं बघायला पाहिजे," ते म्हणाले. आतल्या घराकडे जायला एक चौकट होती, तिला नुसता पडदा. शिद्रामला त्यांनी दहा वेळा बजावलं, जमीन डोळ्यात तेल घालून सपाट कर. शिद्रामनं मान हलवली आणि काम सुंदर केलं. सरांनी पाणसळ ठेवली. बुडबुडा पळाला. दाराच्या दिशेनं बरोबर दोन बोटं ढाळ.

"शिद्राम, हे काय?"

शिद्राम अलूरकडचा, निम्मं कानडीत बोलायचा. तो चकित होऊन म्हणाला, "सर, नीरू एल्ली होगबेकु? पाणी कुठं जाईल? जमीन धुतली तर?"

"धुवायची नाही ही जमीन!"

"धुवायची न्हाय?" शिद्रामनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू सर आजारी आहेत. "पन माझं नाव खराब व्हतंय की. ढाळ न दिलेली जमीन हाय शिद्रामची, असं म्हनतील लोक."

जमीन फोडली. दुसऱ्यांदा केली तेव्हा एक बोट ढाळ निघाला. शिद्राम शपथेवर सांगत होता की या खेपेला त्यानं दिलेला नाही. हातानंच दिला असेल. सरांनी नाद सोडला आणि टेबलाचे पाय कमी-जास्त करून वरचा दगड सपाट केला. त्या दिवशी त्यांनी मला बोलावून पाणसळ नऊ जागी ठेवून दाखवली. बुडबुडा नऊही जागी मधोमध उभा. मग एक चेंडू मध्ये ठेवला. आम्ही दोघं श्वास रोखून बघत राहिलो. चेंडू हलला नाही. एखादी गोष्ट घडत नाही हे बघण्यात इतका आनंद असतो, हे मला तेव्हा कळलं.

"आता एक डाव टाका की," मी म्हणालो.

"मी? मला कुठं येतंय?" सर म्हणाले. "अण्णांनी शिकवलं नाही कधी. पहिला टोला त्यांचाच."

अण्णा तेव्हा ऐंशीच्या पुढं होते. पाच वर्षं ते ओसरीवर बसून घासण्याचा आवाज ऐकत होते. टेबलाबद्दल त्यांनी काही विचारल्याचं मला आठवत नाही. कापड चढवलं त्या दिवशी मात्र येऊन तळहात फिरवला आणि म्हणाले, "लव उलटी बसवलीस. खालून वर पाहिजे." सरांनी सगळं कापड काढून पुन्हा चढवलं.

उद्घाटनाची कल्पना सरांची. दिखाव्याला आयुष्यभर काडेपेटीचे तुकडे लावणाऱ्या माणसाला दिखावाच हवा होता. सचिवसाहेबांनी यावं, खुर्चीवर बसावं आणि बघावं. पत्रिका मी लिहिली. 'पहिला टोला: श्री. मारुती सोनकांबळे' हा मजकूर ठळक टाइपात घातला आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं. मुद्रितशोधनही मीच केलं.

सचिवसाहेब आले. सोबत क्लबचे चार जण आणि एक पुढारी. पुढाऱ्याच्या हातात नारळ.

"आमच्यात नसतो नारळ," सर म्हणाले. घरात समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती.

"अहो सर, टेबलाला कुठं जात असती व्हय?" पुढारी हसत म्हणाला आणि कुणी हात धरायच्या आत त्यानं नारळ टेबलाच्या सागवानी कोपऱ्यावर फोडला. पाणी उडालं. हिरव्या कापडावर ओंजळभर काळा डाग पसरला.

सर जागेवर गोठले. हलले ते अण्णा. भिंतीशी सजवलेल्या खुर्चीवरून, गळ्यातला हार तसाच ठेवून, ऐंशीच्या पुढचा म्हातारा असा उठला की मी पुढं धावलो. पण माझी गरज नव्हती. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, पाणी टिपलं, घासलं नाही, नुसतं टिपलं. मग ब्रश घेतला आणि खालून वर, खालून वर, सगळ्या टेबलावरून फिरवला. मग तिन्ही चेंडू न बघता सहज उचलून मांडले. मग काठी घेतली, एक डोळा मिटून ती सरळ आहे का बघितलं, टोकाला खडू घासला, फुंकर मारली. आणि ती दोन्ही हातांवर आडवी धरून सचिवसाहेबांसमोर केली.

"लीजिए, साहब."

सगळं इतकं सरळ घडलं की कुणाला त्यात चूक दिसली नाही. सचिवसाहेबांनी काठी घेतली, कोट काढून अण्णांच्याच हातात दिला आणि टोला मारला. चेंडू लाल चेंडूला लागून भोकात गेला. अण्णा मागं सरकून भिंतीशी ताठ उभे राहिले आणि त्यांचा तो आवाज, जो निवृत्तीनंतर कुणी ऐकला नव्हता, शटरमधून गल्लीभर गेला.

"साहब तीन!"

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. पुढाऱ्यानं मोबाइलवर फोटो काढले. साहेब अर्धा तास खेळले, क्लबचे लोक खेळले, अण्णा गुण सांगत राहिले, एकदाही चुकले नाहीत. जाताना सचिवसाहेब म्हणाले, "मारुती, तू अजून तसाच आहेस." अण्णांचा चेहरा उजळला. मी सरांकडे बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती, आणि ठळक टाइप माझाच होता.

पाहुणे गेल्यावर अण्णा घाम पुसत म्हणाले, "आवाज लागला का न्हाय रं आज?"

"लागला," सर म्हणाले. मग मला उद्देशून, हळू, "बघितलंत, सर? पाच वर्षं टेबल केलं आणि अण्णांना परत नोकरीला लावलं."

अण्णांचे कान त्या वयातही शाबूत होते. "काय म्हनतोस?"

"अण्णा, तुमी खेळायचं होतं. पहिला टोला तुमचा होता. पत्रिकेत छापलं होतं."

"येवढ्या मानसांत?" अण्णा खरोखर दचकले. "लोकांत कुठं खेळता येतंय मला? म्या कायम कडी लावून खेळलो."

खोलीत आम्ही तिघंच होतो.

"कधी?" सरांनी विचारलं.

"रोज. सकाळी इस्त्री करायला जायचो न्हाय का? आतनं कडी लावायची आन् दोन तास खेळायचं. मग इस्त्री. तीस साल." अण्णा हसले. "साहेब लोकान्ला काय येत व्हतं? त्या सायबाला तर अजून काठी धरता येत न्हाय."

"मला कधी सांगितलं नाही."

"तू कधी इचारलंस?" अण्णा म्हणाले. "तू टेबल करत व्हतास."

मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली. शटरकडे बघितलं, पडदा लावलेल्या चौकटीकडे बघितलं. "टेबल झ्याक झालंय. कडी असती तर बरं झालं असतं."

शटर खाली ओढता येत होतं. अडचण आतल्या चौकटीची होती. मी म्हणालो, बाजारात तयार दार मिळतं, उद्या आणू. वहिनी पडद्याआडून म्हणाल्या, "मी भाईर बसते की, कुनाला येऊ देत न्हाय." अण्णा नुसते म्हणाले, "कडी असली की बरं." आणि सर म्हणाले, दार मीच करणार, सागवानी. अण्णांना आत गेल्यावर क्लबातल्यासारखं वाटलं पाहिजे.

मी त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं की हे दार तुम्ही अण्णांसाठी करत नाही आहात. सांगितलं नाही. चौकट ओळंब्यात नव्हती, एका बाजूला कलली होती. तीही शिद्रामनंच बसवली होती. सरांनी ती काढून पुन्हा बसवली. लाकूड वाळवत ठेवलं. कच्च्या लाकडाचं दार पावसाळ्यात फुगतं, मग कडी बसत नाही. त्यात तीन महिने गेले. अण्णा दर दोन दिवसांनी येऊन विचारायचे, "झालं का?" सर म्हणायचे, "होत आलं." या तीन महिन्यांत अण्णांनी काठीला हात लावला तो फक्त तिला तेल लावायला.

अण्णा साध्या तापानं गेले, भर दुपारी. दार तेव्हा सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवं होतं, रंध्याचा शेवटचा हात राहिला होता. शोकसभा क्लबात झाली. सचिवसाहेब म्हणाले की असा मार्कर पुन्हा होणे नाही. सर शेवटच्या रांगेत बसले होते. भाषणांचं टेबल माझ्यासमोर उघड उघड कललेलं होतं. सर उठले नाहीत.

सर निवृत्त झाले आणि मुलाकडे पुण्याला जायचं ठरलं. निघण्याच्या आदल्या सकाळी त्यांनी मला बोलावलं. चौकटीला दार होतं. गडद, गुळगुळीत, आतल्या बाजूला पितळी कडी.

"तुम्ही बाहेर थांबा, सर," ते म्हणाले आणि आत गेले. शटर खाली होतंच. दार लागलं. कडी पडल्याचा आवाज आला. मी वहिनींशेजारी उभा राहिलो. वहिनी लसूण सोलत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. पाच-एक मिनिटं गेली असतील. चेंडूवर चेंडू आपटल्याचा आवाज येईल म्हणून मी कान देऊन होतो. आला नाही.

कडी निघाली. सर बाहेर आले.

"काही ऐकू आलं?"

"नाही," मी म्हणालो.

"हां," ते म्हणाले. "मग दार बरोबर बसलंय."

पुण्याला जाताना त्यांनी पाणसळ सोबत नेली. मुलाचा फ्लॅट नवव्या मजल्यावर आहे आणि इमारतीला पूर्वेकडे ढाळ आहे, असं त्यांनी फोनवर कळवलं. घर एका बँकेच्या कारकुनाला भाड्यानं दिलं आहे. टेबल सुटं केलं तर पुन्हा तसं सपाट बसणार नाही, असं सर म्हणाले, म्हणून ते तिथंच आहे. कारकुनाची बायको दुपारी आतून कडी लावून त्यावर तूर निवडते. दाणा घरंगळत नाही.